पाळीची तारीख आणि फवारणीची वही

वाचकाचं पत्र

मॅडम, मी निफाड तालुक्यातली. वय २४, लग्नाला दोन वर्षं झाली आणि आता पहिल्यांदाच दिवस गेलेत. आमची तीन एकर थॉमसन द्राक्षांची बाग आहे. शेवटची पाळी २८ सप्टेंबरला आली होती. ६ ऑक्टोबरला छाटणी झाली, ७ आणि ८ ला पेस्टिंग, म्हणजे डोळे (कोंब) फुटावेत म्हणून काड्यांना औषध लावणं. मजूर कमी पडले म्हणून मीही स्पंज घेऊन काड्यांना पेस्ट लावली. हातमोजा फाटका होता, बोटं लाल झाली. काड्यांचे डोळे फुटल्यावर २१ तारखेपासून डावणीच्या, म्हणजे बुरशीच्या रोगाच्या, धास्तीने दिवसाआड फवारे चालू होते. औषध कालवून टाकीत ओतायचं काम माझ्याकडे असायचं. एम-४५ असायचं, कधी भुरी या दुसऱ्या बुरशीचं औषध. २ नोव्हेंबरपर्यंत मी हेच करत होते. ३ तारखेला किट लावलं तर दोन रेघा. आता झोप लागत नाही. नणंद फार्मसी शिकते. ती म्हणते, एवढं विष अंगावर घेतलंस, पोर अधू निघेल, मेडिकलमधून गोळ्या आण आणि मोकळी हो. सासूबाई म्हणतात, आम्ही नऊ महिने बागेत राबलो, काही होत नाही, उगाच बाऊ करू नको. हे गप्पच आहेत. आठ-दहा दिवसांत डिपिंग, म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवणं, सुरू होईल. मला व्यसन कसलं नाही, सकाळी सासूबाईंबरोबर मिशरी लावते तेवढीच. बाळ नीट असेल का? ठेवू की नको?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

गोळ्यांचं आधी. त्या आणू नकोस. गर्भ पिशवीत आहे की बीजवाहक नळीत, हे सोनोग्राफीशिवाय कळत नाही, आणि नळीत असेल तर त्या गोळ्या घेऊन घरी बसलेली बाई जिवाशी खेळते. गर्भपात हवाच असेल तर आपल्याकडे तो कायदेशीर आहे. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या सल्ल्याने होतो, काही परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंतही. त्यामुळे आज रात्रीच ठरवलं नाही तर वेळ निघून जाईल असं काही नाही. तुला घाईला लावणाऱ्या माणसाला एवढंच सांग.

आता बाळाचं. पत्रात तू तारखा लिहिल्यास, फार बरं झालं. बहुतेक बायका ‘खूप औषध अंगावर गेलं हो’ एवढंच सांगतात आणि मग मलाही अंधारात हात घालावा लागतो. या विषयात विषाच्या नावाइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, ते कोणत्या दिवशी अंगावर गेलं ही गोष्ट मोठी असते.

हिशोब असा. पाळी २८ सप्टेंबरची आणि तुझी पाळी अठ्ठावीस दिवसांनी येत असेल, तर बीज सुटलं ११-१२ ऑक्टोबरच्या सुमारास. दवाखान्यात आठवडे पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणून डॉक्टर तुला ‘सहावा आठवडा’ सांगतील. गर्भाचं खरं वय त्याहून दोन आठवड्यांनी कमी असतं. मी इथे १२ ऑक्टोबर हा पहिला दिवस धरून बोलते आहे.

म्हणजे ७ आणि ८ तारखेला तू पेस्टिंग केलंस तेव्हा पोटात गर्भ नव्हताच. बोटं लाल झाली कारण पेस्टमधलं हायड्रोजन सायनामाइड कातडीला पोळतं. त्याची कीर्ती बागाईतदारांना वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे: पेस्टिंग करून संध्याकाळी दारूला बसलेला माणूस लालबुंद होतो, छातीत धडधडतं, ओकाऱ्या होतात. दारू पचवणारी यकृतातली एक पायरीच हे औषध अडवतं. एरवी शरीर त्याचं रूपांतर करून ते लघवीवाटे बाहेर टाकतं, ते वर्षानुवर्षं चरबीत साठून राहणाऱ्या रसायनांपैकी नाही. तुझ्या यादीतून मी ते पहिल्यांदा खोडते. पुढच्या छाटणीला मात्र फाटका हातमोजा चालणार नाही, पोटात बाळ असो वा नसो.

त्यानंतरचे दोन आठवडे, साधारण २६ ऑक्टोबरपर्यंतचे. या काळात बीज नळीत फळतं, एकाचे दोन, दोनाचे चार करत पिशवीकडे सरकतं आणि सहाव्या ते दहाव्या दिवसांत अस्तरात रुजतं. पेशी अजून ‘मी मेंदू होणार, मी पाय होणार’ असं ठरवून बसलेल्या नसतात. त्यातल्या थोड्या मेल्या तर उरलेल्या त्यांची जागा भरून काढतात. जास्त मेल्या तर गर्भ टिकतच नाही, पाळी चार दिवस उशिरा येते आणि बाईला पत्ताही लागत नाही. म्हणून डॉक्टर या काळाला ‘एकतर सगळं, नाहीतर काहीच नाही’ असा नियम लावतात. तुझा गर्भ टिकला आहे. तेव्हा २१ ते २६ तारखेच्या फवाऱ्यांचा हिशोब बराचसा मिटला, असं मी समजते.

‘बराचसा’ म्हणते, कारण नियमाला अपवाद आहेत. इस्पितळात उपकरणं निर्जंतुक करायला इथिलीन ऑक्साइड हा वायू वापरतात. बीज फळल्यानंतरच्या काही तासांतच तो उंदरिणींना दिला, तर पिल्लं व्यंग घेऊन जन्मतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. आणि टेस्ट ट्यूब बेबीच्या लॅबमध्ये आत जाताना अत्तर लावू देत नाहीत, हवा कोळशाच्या गाळणीतून घेतात, प्लास्टिकच्या बशांची प्रत्येक नवी खेप आधी उंदराच्या गर्भावर तपासून मगच वापरतात. बशीतल्या गर्भाला आईच्या यकृताची पाखर नसते ना! दोन-चार दिवसांचा गर्भ दगडासारखा निर्ढावलेला असतो, असा अर्थ या नियमातून कुणी काढू नये. त्याला इजा झाली तर ती बहुधा अर्धवट राहत नाही, एवढंच तो नियम सांगतो.

उरला २७ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर हा एक आठवडा. मला विचार करायला लावतो तो हाच. या आठवड्यात सपाट चकतीसारख्या गर्भात तीन थर पडतात आणि पाठीच्या रेषेवर मेंदू-मज्जारज्जूची पहिली पट्टी उमटते. ती पट्टी वळून तिची नळी होते. तिला न्यूरल ट्यूब म्हणतात आणि ती अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत, म्हणजे तुझ्या बाबतीत ९ नोव्हेंबरच्या आसपास, दोन्ही टोकांनी मिटते. काळीज साधारण बाविसाव्या दिवशी हलू लागतं, म्हणजे तू किट लावलंस त्याच सुमाराला. देशोदेशी बायकांची तीच तक्रार असते: आम्हाला कळेपर्यंत अर्धं काम उरकलेलं असतं. ती खरी आहे.

तर त्या आठवड्यात टाकीत काय होतं? एम-४५ म्हणजे मँकोझेब. ते मोडून त्यातून इथिलीन थायोयुरिया नावाचा पदार्थ निघतो. तो थायरॉइडचं काम मंदावतो, आणि गाभण उंदरिणींना मोठ्या मात्रेत दिल्यावर पिल्लांच्या मेंदूत व्यंगं दिसली आहेत. युरोपीय संघाने २०२० मध्ये मँकोझेबचा परवाना पुढे चालू ठेवायचं नाकारलं, ते प्रजननाला घातक आणि संप्रेरकांत ढवळाढवळ करणारं म्हणूनच. कोस्टा रिकात केळीच्या बागांवर विमानातून मँकोझेब फवारतात. तिथल्या मातिना भागातल्या गरोदर बायकांच्या लघवीत हा थायोयुरिया सर्वसामान्य लोकांच्या कैक पट सापडला. त्यातल्या बऱ्याच जणींनी औषधाला हातही लावलेला नव्हता, त्या बागांजवळ राहत होत्या एवढंच.

भुरीचं औषध कोणतं ते तू लिहिलं नाहीस. हेक्झाकोनॅझोल, मायक्लोब्युटानिल, टेब्युकोनॅझोल यांपैकी असेल तर ती सगळी एका कुळातली. बुरशीच्या पेशीच्या पडद्याला लागणारं स्निग्ध द्रव्य तयार करणारं विकर (एन्झाइम) ती बंद पाडतात, हे त्यांचं काम. अडचण अशी की त्याच जातीचं एक विकर गर्भातही असतं. अ जीवनसत्त्वापासून बनणारं रेटिनोइक ॲसिड गर्भात कुठे किती ठेवायचं, ते हे विकर ठरवतं. ते अडलं तर चेहरा-जबडा घडवणाऱ्या पेशींची वाट चुकते. उंदरांच्या गर्भात हे पाहिलेलं आहे. माणसांच्या बुरशीवर देतात ते फ्लुकोनॅझोल याच कुळातलं, आणि पहिल्या तिमाहीत रोज मोठ्या मात्रेत ते बराच काळ घेतलेल्या काही स्त्रियांच्या बाळांत व्यंगं आढळल्यावर अमेरिकेच्या औषध खात्याने २०११ मध्ये इशारा काढला होता.

हे वाचून तुझ्या पोटात गोळा आला असेल. पण तुझ्यापासून लपवून काय मिळवायचं? आता दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, ती नीट वाच. उंदरांना ही औषधं पोटात दिली जातात, दिवसामागून दिवस आणि कित्येकदा आईच आजारी पडेल इतक्या मात्रेत. तुझ्या कातडीतून आत गेलं असेल ते त्या मानाने फार थोडं. शंभरातल्या तीनेक बाळांत काही ना काही जन्मजात दोष निघतो, ज्या आईने औषधाची पुडी कधी पाहिलीही नाही तिच्याही. एका आठवड्याच्या कालवण्याने तो आकडा मोठी उडी मारेल, असं मानायला मला आधार दिसत नाही. तो तीनच राहील अशी चिठ्ठीही मी लिहून देणार नाही. पण ‘विष अंगावर गेलं, म्हणून बाळ अधू’ हे तुझ्या नणंदेचं गणित चूक आहे, आणि केवळ या भीतीपोटी गर्भ पाडावा असं वैद्यकीय कारण मला तुझ्या पत्रात सापडत नाही. मूल आत्ता हवं की नको, हा प्रश्न वेगळा आणि तो सर्वस्वी तुझा. त्याचं उत्तर तू भीतीच्या हातात देऊ नकोस.

दिवसाला एवढं महत्त्व का, ते तुला बागेवरूनच कळेल. पाऊस फुलोऱ्यात आला तर घड कुजतो, गळतो. मणी बाजरीएवढे झाल्यावर तोच पाऊस दुसरंच नुकसान करतो आणि मण्यांत पाणी उतरल्यावर तिसरंच. पाऊस एकच, घात वेगवेगळा. माणसाच्या गर्भाबद्दल हे जग शिकलं ते थॅलिडोमाइडच्या आपत्तीतून. पश्चिम जर्मनीत १९५७ मध्ये झोपेची, मळमळीची निर्धोक गोळी म्हणून ती बाजारात आली. १९६१ च्या नोव्हेंबरात मागे घेतली तोवर जगभरात दहा हजारांवर मुलं व्यंग घेऊन जन्मली होती. पुढे आयांच्या तारखा जुळवल्या तेव्हा दिसलं की गर्भाच्या साधारण विसाव्या ते छत्तिसाव्या दिवसांतच ती गोळी घात करते. त्यातही आधी घेतली तर कान, मग हात, त्यानंतर पाय. ते दिवस उलटल्यावर घेणाऱ्यांच्या मुलांचे हातपाय शाबूत राहिले. आणि ती गोळी मोठ्या माणसाला इतकी सौम्य होती की भरपूर घेऊनही जीव जात नसे!

हे शेवटचं वाक्य तुमच्या औषधाच्या खोलीत जाऊन पुन्हा वाच. पुड्या-बाटल्यांवर रंगीत त्रिकोण असतो ना? लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. माझ्याकडे येणारा प्रत्येक बागाईतदार छातीठोकपणे सांगतो, ‘मॅडम, हिरव्या त्रिकोणाचं आहे, काही नाही त्यात.’ तो त्रिकोण सांगतो की एका वेळी किती पोटात गेलं तर प्राणी मरतो. तीन आठवड्यांच्या गर्भाचं काय होतं, हे तो सांगत नाही. ते त्या रंगांत मोजलेलंच नाही. मँकोझेब चटकन मारत नाही, म्हणून हिरव्यात बसतं. कार्बेन्डाझिम या दुसऱ्या बुरशीनाशकाचंही तसंच: जीव घेण्याच्या मोजमापात अगदी गरीब, आणि उंदराच्या गर्भाला व्यंग आणणाऱ्यांच्या यादीत ठळक.

सासूबाईंच्या ‘काही होत नाही’चं काय? त्यांच्याशी भांडू नकोस. त्यांनी जे पाहिलं तेच त्या सांगतात. पण त्या काळात दोन-तीन महिन्यांचं ‘पडलं’ तर ते कुणी मोजत नव्हतं, आणि कशाने पडलं हे विचारायची पद्धत नव्हती. शिवाय जन्मल्यावर हातपाय मोजून संपतं असंही नाही. कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यात शेतमजूर बायकांची गरोदरपणापासून नोंद ठेवून, पुढे त्यांच्या मुलांकडे वर्षानुवर्षं पाहिलं गेलं. गरोदरपणी ज्यांच्या लघवीत ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांचे अंश सर्वांत जास्त होते, त्यांच्या मुलांचा बुद्ध्यांक सातव्या वर्षी सर्वांत कमी अंश असलेल्यांच्या मुलांपेक्षा सरासरी सात गुणांनी कमी भरला. मुलं दिसायला धडधाकट होती. असलं नुकसान ओटीवर बसून दिसत नाही, आणि ते एका दिवसाने होत नाही. ते महिनोन्‌महिने चालू राहिलेल्या संपर्काचं असतं. म्हणून मला मागच्या आठवड्यापेक्षा पुढच्या आठ महिन्यांची जास्त काळजी आहे.

आणि त्याच कारणाने तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. औषधांवर तू पानभर लिहिलंस आणि शेवटी जाता जाता: ‘मिशरी लावते तेवढीच.’ अगं, तेवढीच कशी? मिशरी म्हणजे तव्यावर भाजलेला तंबाखू. तो हिरड्यांवर चोळला की निकोटिन थेट रक्तात जातं, वार (प्लासेंटा) ओलांडतं आणि बाळाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात. आपल्याच महाराष्ट्रात मिशरी लावणाऱ्या गरोदर बायकांवर अभ्यास झालेत. त्यांची बाळं वजनाने कमी भरतात, आणि मिशरी सोडली की त्याचा फायदा दिसतो. फवारणी काही दिवसांची होती, मिशरी रोजची आहे. कदाचित दिवसातून दोनदा-तीनदा, कारण ‘सकाळी तेवढीच’ म्हणणाऱ्या बायका दुपारीही लावतात हे मला ठाऊक आहे. ती आजच बंद कर. दोन-तीन दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल, बद्धकोष्ठ होईल. तेवढं सोस. सासूबाईंनाही सांग की निदान तुझ्यासमोर डबी उघडू नका.

आता डिपिंग. घरचे म्हणत असतील, ते तर जीएचं पाणी, त्यात काय. जीए (जिबरेलिक ॲसिड) हे वनस्पतीचं संप्रेरक आहे, ‘हार्मोन’ शब्दाने दचकू नकोस, माझ्या काळजीच्या यादीत ते बरंच खाली येतं. पण तू घडाला हात लावशील तेव्हा पानांवर, काड्यांवर काल-परवाचं बुरशीनाशक असेलच. दिवसभर ओल्या हातांनी, ओल्या बाह्यांनी तू त्यातच वावरशील. औषध श्वासापेक्षा कातडीतून जास्त आत जातं, आणि ओल्या, घामेजलेल्या कातडीतून आणखी. म्हणून डिपिंग नको, विरळणी नको. औषध कालवणं तर मुळीच नको, कारण अख्ख्या फवारणीत सर्वांत दाट औषध हाताळणारा माणूस कालवणाराच असतो. पहिले हे चार आठवडे, ७ डिसेंबरच्या आसपासपर्यंत, अवयवांची मांडणी चालू असते. त्यानंतर मेंदू वाढतच राहतो, तेव्हा हा नियम बाळंतपणापर्यंतच धर. एक मजूर जास्त लावावा लागेल. तो खर्च औषधाच्या बिलाशेजारी ठेवून पाहा, म्हणावं.

मिस्टरांच्या फवारणीच्या कपड्यांना तू हात लावायचा नाही. त्यांनी ते मळ्यातच काढावेत, वेगळ्या बादलीत स्वतः धुवावेत, आंघोळ करून मगच घरात यावं. बूट दाराबाहेर. ब्लोअर (फवारणीचं यंत्र) चालू असताना तू घराची वाऱ्याकडची खिडकी लाव आणि अंगणातलं धुणं आत घे. औषधाची खोकी पलंगाखाली किंवा धान्याच्या कोठीत असतील (असतात, मी घरोघरी पाहिली आहेत), तर ती आजच बाहेर काढायला लाव. रिकाम्या डब्यात पाणी-बिणी भरून ठेवायचं नाही.

हे सगळं मिस्टरांना जड वाटलं तर त्यांना एक प्रश्न विचार. तुमचा माल निर्यातीला जात असेल, तर प्रत्येक फवाऱ्याची वही ठेवावी लागते. मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राची यादी बघून कोणत्या औषधाचा पीएचआय किती, काढणीआधी किती दिवस फवारा बंद, हे तोंडपाठ असतं. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशापायी युरोपात आपले कंटेनर अडले तेव्हापासून तर याची धास्तीच आहे. रॉटरडॅमच्या बंदरात उतरणाऱ्या घडासाठी एवढी काळजी. मग त्या बागेत उभ्या असलेल्या बाईसाठी कुणी दिवस मोजायचे? मला याचा राग येतो, आणि तो मी लपवत नाही. द्राक्षाच्या कणात किती अंश उरला हे सांगणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, पण ते द्राक्ष पिकवणाऱ्या बायकांच्या शरीरात किती गेला हे नेमाने मोजणारी व्यवस्था नाही.

मिस्टर गप्प आहेत, असं लिहिलंस. कदाचित त्यांनाही भीती वाटते. त्यांना हेही सांग की पुढच्या वेळी फक्त तूच जपायचंस असं नाही. पुरुषाचं बीज तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात आणि त्या काळात त्याच्या अंगावर गेलेलं औषधही मोजलं जातं. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात डीबीसीपी हे जमिनीतल्या कृमींवरचं औषध बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांच्या आपापसांत लक्षात आलं की आपल्यापैकी कुणालाच मूल होत नाहीये. तपासलं तर अनेकांचे शुक्राणू नाहीसे झाले होते. आपल्याकडे मात्र मूल राहिलं नाही की दवाखान्यात आधी बाईलाच आणतात.

दवाखान्याचं सांगते. फोलिक ॲसिडची गोळी सुरू केली नसशील तर हे वाचून होताच आशाताईंकडून घे, रोज ४०० मायक्रोग्रॅमची. न्यूरल ट्यूब मिटण्याचा दिवस अगदी तोंडावर आहे, कदाचित उलटलाही असेल. तरी घ्यायचीच, कारण बीज दोन-चार दिवस उशिरा सुटलेलं असू शकतं आणि पुढेही ती लागते. (दिवस राहावेत अशी इच्छा असलेल्या बाकीच्या वाचक मुलींनो, ही गोळी दिवस जायच्या आधी महिनाभर सुरू करायची असते. पाळी चुकल्यावर धावपळ करण्यात तिचा मुख्य उपयोग निसटतो.) तुला किंवा घरात जवळच्या कुणाला मणक्याचं व्यंग असलेलं बाळ झालं असेल, तुला मधुमेह असेल किंवा फिटची औषधं चालू असतील, तर मात्र मोठ्या मात्रेची गोळी लागते. ते डॉक्टरांना आपणहून सांग.

या आठवड्यात किंवा पुढच्या आठवड्यात एक सोनोग्राफी: गर्भ पिशवीत आहे का, ठोके दिसतात का, आणि वय माझ्या हिशोबाशी जुळतं का. वय आठवड्याने कमी निघालं तर वरचा सगळा हिशोब आठवड्याने सरकेल. तेव्हा फवारणीचा मोठा भाग ‘एकतर सगळं’च्या काळात जाईल, म्हणजे तुझ्या फायद्याचंच. रक्तात हिमोग्लोबिन, साखर आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी. टीएसएचचा आग्रह धर, कारण पहिले तीन महिने बाळाला थायरॉइडचं संप्रेरक तुझ्याकडूनच मिळतं आणि मँकोझेबचा रोख तिथेच असतो. थायरॉइडचं काम कमी पडतंय असं निघालं तर उपाय साधा आहे, रोज एक स्वस्त गोळी. पुढे अकरा ते तेरा आठवड्यांत एक सोनोग्राफी आणि अठरा ते वीस आठवड्यांत अवयवांची सविस्तर सोनोग्राफी. तिच्यात मणका, काळीज, ओठ, हातपाय पाहतात. सगळंच दिसतं असं नाही, पण मोठे दोष बहुतेक दिसतात. काही गंभीर निघालंच, तर तेव्हाही कायद्याने निर्णयाला जागा असते. चौथ्या महिन्यापासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते, ती चुकवू नकोस.

‘रक्तातलं विष तपासून देतो’ म्हणणाऱ्या कुठल्या लॅबमध्ये पैसे घालू नकोस. आज रक्तात काय सापडतं त्यावरून तीन आठवड्यांपूर्वी गर्भाला काय झालं, हे कुणीही सांगू शकत नाही. केसांच्या तपासण्या आणि ‘विष उतरवणारे’ काढे हाही त्यातलाच प्रकार. काढ्यातल्या भस्मात कधी कधी शिसं असतं, आणि ते वार सहज ओलांडतं.

बागेजवळ असताना कधी डोकं गरगरलं, तोंडाला पाणी सुटलं, डोळ्यांपुढे धुरकट झालं, ओकाऱ्या आणि घाम एकदम आला, तर ती गरोदरपणाची मळमळ समजून घरी झोपून राहू नकोस. कपडे बदल, साबणाने अंग धू, आणि औषधाची बाटली सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठ. उपचार करणाऱ्याला नाव कळलं की निम्मा वेळ वाचतो.

पहिल्या तपासणीला जाताना फाइलबरोबर ती फवारणीची वहीही ने. २१ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबरच्या पानांवर खूण कर आणि भुरीच्या औषधाचं नाव डॉक्टरांना वाचून दाखव. ते वही बाजूला सारू लागले तर म्हणावं, ‘तारखा बघा आधी.’ आणि आत जाताना मिस्टरांना बाहेरच्या बाकावर बसवून ठेवू नकोस.

तुझी,
डॉक्टर मावशी